उपग्रहाचें चित्र : चावडींतून दिवाणखान्यांत

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशीं आमच्या घरीं एच्. डी. चित्र दाखविणारा नवा सेट-टॉप बॉक्स येऊन दाखल झाला. जुना बॉक्स बारा वर्षें निमूटपणें चाकरी करून थकला होता. आणि भिंतीवर रुंद पडदा आल्यापासून त्याचें चित्र पाहणें म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचण्यासारखें झालें होतें. बसविण्यास आलेल्या तरुणानें गच्चीवर जाऊन डिश दक्षिणेकडे, किंचित् पूर्वेस कलती अशी फिरविली, तासाभरांत तारा जोडल्या, आणि पडद्यावर एका गायिकेचा चेहरा इतका स्वच्छ उमटला कीं, तिच्या कपाळावरचे घर्मबिंदूही मोजतां यावे. आम्ही थक्क होऊन पाहत राहिलों. आमच्या मातोश्री मात्र आंतून सतरंजी घेऊन आल्या. त्यांचें वय आतां पंच्याऐशीच्या घरांत आहे. सतरंजी पसरतां पसरतां त्यांनीं विचारलें, "कोण कोण येणार आहे रे पाहायला ?"

येणार कोणीच नव्हतें. वार्धक्यांतील विस्मरण म्हणून हा प्रश्न हंसण्यावारीं नेतां आला असता. परंतु ज्याचा जन्म इतिहास शिकविण्यांत गेला त्यास तो तसा सोडवेना. कारण आपल्या देशांत उपग्रहाचें चित्र प्रथम उतरलें तें कोणाच्या दिवाणखान्यांत नव्हे; तें उतरलें चावडीवर आणि शाळेच्या पडवींत, गांवच्या जमावासमोर. सतरंजी हा त्या चित्राचा मूळ साज होता. ती केव्हां आणि कशी गुंडाळली गेली, हें पाहण्याचा येथें यत्न केला आहे.

आरंभ करावयाचा तर तो इ. स. १९४५ च्या ऑक्टोबरापासून करावा लागतो. त्या महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकांत आर्थर क्लार्क नामक सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाचा लेख प्रसिद्ध झाला. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६ हजार किलोमीटरांवर एखादा उपग्रह ठेवला, तर त्यास पृथ्वीप्रदक्षिणेस एक दिवस लागेल. पृथ्वीही तेवढ्याच वेळांत स्वतःभोंवतीं फिरते. तेव्हां खालून पाहणारास तो एकाच जागीं खिळल्यासारखा राहील, आणि असे तीन उपग्रह असले म्हणजे बहुतेक साऱ्या पृथ्वीवर संदेश पोंचवितां येतील, असा त्यांतील विचार होता. आमच्या गच्चीवरील डिश एकदां पक्की केली कीं पुन्हां तिला हात लावावा लागत नाहीं, याचें कारण हेंच. ध्रुवावांचून आकाशांत अचल असें कांहीं नाहीं, असें आम्ही लहानपणीं शिकलों होतों. आतां तेथें ध्रुवांची रांगच लागली आहे.

ही कल्पना आपल्या देशांत ज्यांनीं मनावर घेतली ते विक्रम साराभाई. दिल्लीस दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झाला होता. पण ती मुंबईस येण्यास १९७२ चा २ ऑक्टोबर उजाडला. या चालीनें एकेक शहर घेत गेल्यास खेड्यांची पाळी येईपर्यंत पिढ्या लोटतील, हें साराभाईंनीं ओळखलें. त्यांचा हिशेब उलटा होता : मनोरे उभारीत खेड्यांकडे जाण्यापेक्षां आकाशांतून थेट खेड्यांतच उतरावें. याकरितां इ. स. १९६९ सालीं अमेरिकेच्या नासा या संस्थेशीं करार झाला. तो फळास आलेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९७१ च्या डिसेंबरांत ते वारले.

१ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, बरोबर एक वर्ष, हा प्रयोग चालला. 'साइट' या आद्याक्षरी नांवानें तो प्रसिद्ध आहे. नासानें आपला ए. टी. एस.-६ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवला; खेड्यांतील यंत्रें आणि कार्यक्रम मात्र आपले होते. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील २,४०० खेडीं निवडलीं. एरवीं ज्या मागासलेपणामुळें गांवास कांहीं मिळत नाहीं, तेंच येथें पात्रतेचें लक्षण ठरलें. गांवांत एक संच, आणि त्याच्याजवळ तीन मीटर व्यासाची अँटेना. ही अँटेना कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची ! सकाळीं दीड तास शाळकरी मुलांसाठीं, सायंकाळीं अडीच तास मोठ्या माणसांसाठीं. विषय शेतीचे, आरोग्याचे, कुटुंबनियोजनाचे. चित्र एक असून त्याजबरोबर दोन भाषांतले आवाज पाठविण्याची सोय होती, त्यामुळें तेंच चित्र तेलुगु गांवांत तेलुगु बोले व कानडी गांवांत कानडी. एकेका संचापुढें रोज शंभराच्या आसपास माणसें जमत; त्यांतील कित्येकांनीं तोंवर सिनेमा पाहिला नव्हता कीं वर्तमानपत्र हातांत धरलें नव्हतें. याच उपग्रहावरून सुमारें ५० हजार प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचे पाठ देण्यांत आले.

हें सारें वर्ष आणीबाणीचें होतें, हें येथें विसरून चालावयाचें नाहीं. आकाशांतून बोलणारा एकच होता, आणि तो सरकार होता. ऐकणारास उलट बोलण्याची सोय नव्हती. शिवाय चावडी ही गांवांतील सर्वांस सारखीच मोकळी असते असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. कोण पुढें बसे, कोण पारापाशीं उभा राहून पाही, आणि कोणत्या बायकांस घरचें आवरून येण्यास उशीर होई, हें ज्याचें त्यानें आपल्या गांवावरून ताडावें. तरी या प्रयोगाइतकी उदार योजना त्यानंतर आपल्या आकाशांत झाली नाहीं, असें आमचें मत आहे.

याच सालचा एक प्रसंग आम्हांस फार आवडतो. भारतीय अभियंत्यांनीं कोलंबोस जाऊन आर्थर क्लार्क यांच्या निवासस्थानीं एक अँटेना उभारून दिली. तीस वर्षांपूर्वीं ज्यानें ही कल्पना कागदावर मांडली, तो गृहस्थ आतां स्वतःच्या घरीं बसून, बिहार-ओरिसांतील शेतकऱ्यांसाठीं सोडलेलें चित्र पाहूं लागला. घरांत बसून उपग्रहाचें चित्र पाहणाऱ्या आम्हां सर्वांचा मूळपुरुष तोच म्हणावयाचा. फरक इतकाच कीं, तो गांवकऱ्यांच्या पंक्तीस पाहुणा म्हणून बसला होता.

वर्ष संपलें, उपग्रह नासानें परत नेला, आणि जाळीच्या बहुतेक अँटेना मुक्या झाल्या. पुढें आपले स्वतःचे इन्सॅट उपग्रह आले. त्यांतील पहिला १९८२ च्या एप्रिलांत सुटला व कांहीं महिन्यांतच निकामी झाला. दुसरा १९८३ च्या ऑगस्टांत सुटला, तो मात्र चांगला लाभला. परंतु मधल्या काळांत योजनेचें तोंडच फिरलें होतें. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम रंगांसह देशभर जाऊं लागला, आणि १९८४ सालीं चार महिने रोज एक या वेगानें नवे प्रक्षेपक उभे राहिले. आतां उपग्रहाचें चित्र चावडीवर न उतरतां शहरांतील मनोऱ्यावर उतरे, व तेथून ज्यांस संच विकत घेण्याची ऐपत होती त्यांच्या घरीं जाई. खेडीं अजीबात वगळलीं असें नव्हे. आमच्या पुण्यासच १९८४ सालीं 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली व तिनें शाळकरी मुलांसाठीं मराठींत पुष्कळ पाठ तयार केले. २०१७ सालीं ती बंद करण्यांत आली. तेव्हां वर्तमानपत्रांत चार दिवस हळहळ झाली, एवढेंच.

तरी सतरंजी अद्याप गुंडाळली गेली नव्हती. आमच्या वाड्यांत त्या वेळीं दोनच संच होते, पैकीं एक आमचा. त्याचा परवाना पोस्टांत जाऊन काढावा लागे. ती कटकट १९८५ सालीं गेली. १९८७ च्या जानेवारींत रामायण सुरू झालें, आणि दर रविवारीं सकाळीं वाड्यांतील बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें आमच्या पुढच्या खोलींत येऊन बसूं लागलीं. दाराशीं चपलांचा ढीग पडे. मातोश्री आदल्या रात्रींच सतरंजी काढून ठेवीत, आणि कोणाचें मूल पडद्याच्या फार जवळ सरकलें तर त्यास ओढून मागें बसवीत. चित्र अनेकदां थरथरे, मुंग्या येत. कोणीतरी कौलांवर चढून अँटेना हलवी व खालून दहाजण ओरडून त्यास दिशा सांगत. सरकारनें चावडींतून काढलेला जमाव लोकांनीं आपण होऊन माजघरांत आणून बसविला होता.

त्यापुढील हकीकत बहुतेक वाचकांच्या डोळ्यांदेखतची आहे. १९९१ च्या जानेवारींत आखाती युद्ध परदेशी वाहिनीवरून दिसलें. त्याच सालीं स्टारच्या वाहिन्या आल्या. १९९२ च्या २ ऑक्टोबरास झी आली. आणि गल्लोगल्ली केबलवाल्यांच्या तारा झाडांवरून लोंबूं लागल्या. क्रिकेटच्या सामन्यांचें चित्र कोणी दाखवावें, या भांडणांतून एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९५ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी चालणार नाहीं. भांडणाचें मूळ क्रिकेट असलें तरी निर्णय फार मोलाचा होता. गंमत ही कीं, पुढें दोनच वर्षांनीं, १९९७ सालीं, उपग्रहाचें चित्र थेट घरीं घेण्यास सरकारनें बंदी केली. जें काम त्या तरुणानें आमच्या गच्चीवर तासाभरांत केलें तें त्या वेळीं बेकायदा ठरलें असतें. १९००ांचें शतक संपतां संपतां, २००० च्या नोव्हेंबरांत, परवानगी मिळाली. २००३ सालीं पहिली खासगी सेवा सुरू झाली आणि २००४ च्या डिसेंबरांत दूरदर्शनची बिनवर्गणीची.

राहतां राहिलें तें एच्. डी.चें कुळ. तें जपानी आहे. टोकियोचें ऑलिंपिक १९६४ सालीं पार पडल्यावर तेथील एन्. एच्. के. या प्रसारण-संस्थेच्या संशोधकांनीं असा प्रश्न घेतला कीं, पाहणारास आपण प्रत्यक्ष त्या जागीं आहों असें वाटण्यास चित्र केवढें व किती बारकाव्याचें पाहिजे ? त्यांतून ११२५ रेघांचें रुंद चित्र निघालें, आणि पाहणारानें चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसावें असा ठोकताळा बसला. त्या चित्राचा पसारा एवढा कीं, तें घरोघर नेण्यास उपग्रहच योजावा लागला. १९८९ सालीं रोज एक तास, आणि १९९१ च्या नोव्हेंबरापासून रोज आठ तास तें जपानांत दाखवूं लागले. आपल्याकडे २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा या तऱ्हेनें दाखविल्या गेल्या. आमच्या जुन्या बॉक्सचें चित्र सुमारें चार लाख ठिपक्यांचें, नव्याचें वीस लाखांहून थोडें अधिक. परंतु या दोन प्रश्नांतील अंतर ठिपक्यांनीं मोजतां येण्यासारखें नाहीं. जपानी शास्त्रज्ञ विचारीत होते, पाहणारानें किती अंतरावर बसावें ? अहमदाबादचे विचारीत होते, एका संचापुढें किती माणसें बसतील ?

नव्या यंत्राबरोबर नांदतांना या प्रश्नाची आठवण आम्हांस रोज होते. तें कार्यक्रम सांठवून ठेवतें. त्यामुळें वेळेवर येऊन बसण्याचें कारण कोणासच उरलें नाहीं. सूनबाई आपली मालिका रात्रीं अकरानंतर पाहतात, चिरंजीव सामना सकाळीं दाढी करतांना पाहतात, आणि आम्ही गाणें दुपारीं एकटेच ऐकतों. सोय मोठी आहे, आणि ती आम्हांस हवी आहे. उगाच जुन्याची ओढ दाखवून आम्ही खोटें बोलणार नाहीं. रामायणाच्या त्या रविवारीं आमच्या वडिलांस स्वतःच्या घरांत पाय पसरण्यास जागा नसे, हेंही आम्हांस स्मरतें.

जुलैंत मोठा पाऊस लागला तेव्हां चित्राचे चौकोन चौकोन होऊन तें थिजलें, आणि संदेश मिळत नसल्याची पाटी झळकली. आजच्या लहरी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास लांबीच्या. मुसळधार पाऊस त्यांस वाटेंतच गिळून टाकतो. 'साइट'च्या लहरी त्यांहून चौदापट लांब होत्या. पाऊस त्यांस अडवीत नसे, आणि जाळीच्या भोंकांतूनही त्या निसटत नसत. म्हणूनच खुराड्याची जाळी त्यांस पुरली.

पाऊस ओसरल्यावर चित्र पूर्ववत् आलें कीं नाहीं हें पाहण्याकरितां आम्हीं वाहिन्यांचे आंकडे पुढें पुढें नेले. फार मागच्या आंकड्यांवर शिक्षणाच्या वाहिन्या आहेत. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'स्वयंप्रभा'च्या त्या. तेथें एक मध्यमवयीन प्राध्यापक फळ्यासमोर उभे राहून मातीच्या थरांविषयीं हिंदींत समजावून सांगत होते. चित्र साधें होतें, एच्. डी. नव्हे. आम्ही पुढें जाणार, तोंच मातोश्री म्हणाल्या, "राहूं दे रे, चांगलं सांगतायत." धडा संपेपर्यंत त्या ऐकत बसल्या, आणि आम्हीही त्यांच्याजवळ बसलों.