दारातला हत्ती, रानातला हत्ती

मुंबई-ठाण्याच्या माणसाला गणेशपुरी म्हणजे अर्ध्या दिवसाची सहल. भल्या सकाळी भिवंडीमार्गे निघायचे, वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधलेल्या वज्रेश्वरीच्या देवळात माथा टेकायचा, तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायची, नित्यानंद बाबांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत परतीला लागायचे. गाव नावापासूनच गजाननाचे. गेल्या शतकाच्या सत्तरीत स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमात देशोदेशीचे साधक येऊ लागले, त्या काळात तिथे हत्तीही होता. देवाच्या दारी हत्ती असावा यात तेव्हा कुणालाच वावगे वाटत नव्हते. दर्शन झाले की लोक हत्तीला केळे द्यायचे, तो सोंड डोक्यावर ठेवायचा आणि मुलांचा दिवस सोन्याचा व्हायचा.

या प्रथेमागे दोन हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याचे एक टोक याच भागात आहे.

आज जिला आपण उत्तर कोकण म्हणतो ती पट्टी, म्हणजे सोपारा, कल्याण, ठाणे आणि भोवतालचे डोंगर, प्राचीन काळी अपरान्त म्हणून ओळखली जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी आहे. कलिंग, अंग आणि पूर्वेकडचे हत्ती उत्तम. दशार्ण आणि अपरान्तातले मध्यम. सौराष्ट्र आणि पंचनदाकडचे कनिष्ठ. म्हणजे या डोंगररांगांत एके काळी हत्तींचे कळप होते आणि पाटलीपुत्राच्या राजनीतीला त्यांची नोंद घ्यावीशी वाटली होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातही गजवनांची वर्णने आहेत आणि हत्ती धरण्याच्या निरनिराळ्या रीती सविस्तर दिल्या आहेत.

अर्थशास्त्रातले आणखी एक प्रकरण आज मुद्दाम वाचण्यासारखे आहे. राज्याच्या सीमेवर हत्तींसाठी राखीव वन असावे, त्यावर वनपाल नेमावेत आणि हत्तीला मारणाऱ्याला देहदंड द्यावा, असे कौटिल्य सांगतो. दूध पिणारे पिल्लू, आजारी हत्ती, गाभण हत्तीण आणि लेकुरवाळी हत्तीण यांना धरू नये, असा दंडकही तो घालतो. त्याची नजर सैन्यावर होती, करुणेवर नव्हती, हे खरे. तरीही हत्ती हवा असेल तर आधी रान राखले पाहिजे, ही समज त्या नियमांत पक्की आहे. पुढे अपरान्तातले कळप संपले. हत्तीची हौस मात्र संपली नाही, आणि रानाची जबाबदारी न घेता हत्ती बाळगण्याची सवय पडली, ती तिथूनच.

मराठेशाहीत पिलखाना हा राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक होता. हत्ती विकत घेतले जात, खंडणीत मिळत, लढाईत हाती लागत. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन दरबारात हजर होता. राजवाड्याच्या दाराशी झुलणारे हत्ती पाहून तो चक्रावला. इतक्या अवघड वाटेने हे प्राणी वर आणले तरी कसे, असा प्रश्न त्याने आपल्या नोंदीत लिहून ठेवला. लोककथेने त्याचे उत्तर दिले आहे: पिल्ले असतानाच त्यांना गडावर आणले आणि तिथेच वाढवले. गडावरचा हत्ती तलाव आजही पर्यटकांना दाखवला जातो.

रायगडाच्या त्या दारापासून हत्ती मराठी मनात मानाचा होऊन बसला. पुत्रजन्म झाला, गड जिंकला, की हत्तीवरून साखर वाटायची. ज्याच्या दारी हत्ती झुलतो तो खरा धनी. हस्त नक्षत्रात मुली पाटावर हत्ती काढतात आणि त्याभोवती फेर धरून भोंडला खेळतात. ज्या मुलुखातून रानहत्ती कधीच नाहीसा झाला होता, त्या मुलुखात तो पाटावर, अंबारीत आणि देवळाच्या दारात मात्र टिकून राहिला.

मानाला खेळाचीही जोड मिळाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात साठमारी रंगे. माजावर आलेला हत्ती तटबंदीच्या मैदानात सोडायचा, साठमारांनी त्याला डिवचायचे आणि तो अंगावर आला की आडोशाच्या बुरुजामागे धाव घ्यायची. ते मैदान कोल्हापुरात अजून उभे आहे. साठमारांचे धाडस अस्सल होते आणि पाहणाऱ्यांचा थरारही. माज हा नर हत्तीच्या शरीरातला नैसर्गिक काळ असतो, त्या दिवसांत त्याला शांतता आणि मोकळी जागा लागते, हा विचार मात्र त्या मैदानापर्यंत पोचला नव्हता.

संस्थाने विलीन झाली, पिलखाने बंद पडले. हत्ती मग मठांकडे, देवस्थानांकडे, सर्कशींकडे आणि रस्त्यावरच्या माहुतांकडे गेले. बिहारमधल्या सोनपूरच्या जत्रेतून त्यांची खरेदी-विक्री चाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, १९७७ मध्ये हत्तीला त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले आणि व्यापारावर बंदी आली. देणगी, वारसा आणि मालकीची प्रमाणपत्रे ही वाट मात्र उघडी राहिली. १९९२ मध्ये केंद्राचा ‘हत्ती प्रकल्प’ सुरू झाला, २०१० मध्ये हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हटले गेले. तरीही मुंबई-ठाण्याच्या डांबरी रस्त्यांवर हत्ती पैसे मागत फिरतच होते.

त्यांतली बिजली ही हत्तीण जून २०१३ मध्ये मुलुंडला कोसळली. वराती आणि भीक यांत तिचे आयुष्य गेले होते. प्राणिमित्रांनी आणि पशुवैद्यांनी काही आठवडे शर्थ केली, क्रेनने तिला उभे करण्याचे प्रयत्न झाले. ३० जूनला ती गेली. हत्तीच्या तळपायाला जाड, मऊ गादी असते. मातीवर, चिखलात, पाण्यात मैलोन्‌मैल चालण्यासाठी ती घडलेली आहे. तापलेले डांबर आणि ओली फरशी यांवर वर्षे काढली की तळवे झिजतात, नखे वाढून फाटतात, जखमा चिघळतात, सांधे धरतात. पायाने अधू झालेला हत्ती आडवा झाला की स्वतःच्या वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबत जातात. बिजलीच्या निमित्ताने हे मुंबईकरांनी रोज वर्तमानपत्रात वाचले.

त्याच सुमारास कोल्हापुरातल्या ‘सुंदर’चा खटला गाजत होता. जोतिबाच्या देवस्थानाला २००७ मध्ये अर्पण केलेला हा नर हत्ती साखळदंडात होता. ‘पेटा’ या प्राणिहक्क संस्थेने मोहीम उघडली आणि पॉल मॅकार्टनीसारख्या गायकाने त्याच्यासाठी सरकारला पत्र लिहिले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये त्याच्या सुटकेचा आदेश दिला. जूनमध्ये सुंदर बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोचला आणि दुसऱ्या हत्तींच्या सोबतीत मोकळा झाला. महाराष्ट्रात हत्तीच्या मानापेक्षा हत्तीचे हित मोठे, असे न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे सांगण्याची ही सुरुवात होती.

हाच प्रश्न जुलै २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणीला सगळ्या महाराष्ट्रासमोर आला. तिथल्या जैन मठातली महादेवी, म्हणजेच लोकांची माधुरी, तीन दशकांहून अधिक काळ गावाची होती. तिच्या पायांचे विकार आणि एकाकीपण यांकडे बोट दाखवून उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-पुनर्वसन केंद्रात हलवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निरोपाच्या मिरवणुकीत माणसे ढसाढसा रडली. मग मोर्चे निघाले, बहिष्कार पुकारले गेले, मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली आणि नांदणी परिसरातच तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करण्याची तयारी वनताराने दाखवली.

नांदणीच्या माणसांचे अश्रू खरे होते. त्यांनी तिला लेकीसारखे वाढवले, सणासुदीला सजवले, आजारी पडली की रात्री जागवल्या. पण हत्तीण जन्मभर मादीकळपात राहणारी आहे: आई, मावश्या, बहिणी, त्यांची पिल्ले आणि सगळ्यांना वाट दाखवणारी एखादी वयस्क हत्तीण. माणसाची माया कितीही असली तरी ती या कळपाची जागा भरून काढत नाही. या एका गोष्टीवर ठाम राहूनही नांदणीकरांशी आदराने बोलता येते, आणि तसेच बोलायला हवे.

मग अशा हत्तींनी जायचे कुठे? जगाने या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांत शोधले. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली. ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले आणि पर्यटकांना पाठीवर बसवू लागले. त्याला पर्याय म्हणून चियांग माईजवळ लेक चैलर्ट यांनी हत्तींसाठी उद्यान उभारले. अमेरिकेत टेनेसीमधले हत्ती-अभयारण्य १९९५ मध्ये सुरू झाले. तिथे सर्कशीतून आणि प्राणिसंग्रहालयांतून निवृत्त झालेले हत्ती राहतात आणि त्यांच्या आवारात पर्यटकांना मुळीच सोडत नाहीत. भारतात ‘वाइल्डलाइफ एसओएस’ने २०१० मध्ये मथुरेजवळ केंद्र काढले आणि २०१८ मध्ये त्याच्या शेजारी हत्तींचे रुग्णालय सुरू केले. तिथे आधी नाव नोंदवून ठरलेल्या वेळी जाता येते, पण स्वारी नाही, आंघोळ घालण्याचा खेळ नाही, सोंडेचा आशीर्वाद नाही.

महाराष्ट्रात या वाटेच्या सगळ्यांत जवळ जाणारे ठिकाण गडचिरोलीत आहे. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा वनविभागाचा हत्ती कॅम्प साठच्या दशकापासूनचा. हे हत्ती सिरोंचाच्या जंगलातले सागाचे ओंडके ओढण्यासाठी पाळले गेले. यंत्रे आली, काम गेले, हत्ती राहिले. त्यांचा दिवस अजूनही रानाच्या घड्याळावर चालतो. रात्री त्यांना जंगलात चरायला सोडतात. सकाळी माहूत आणि चाराकटर पायांचे ठसे, मोडलेल्या फांद्या आणि ताजे शेण बघत त्यांच्या मागावर निघतात. तलावात आंघोळ झाली की खुराक मिळतो आणि पुन्हा रान. पाहुण्याला जे काही दिसते ते या मधल्या तासाभरात.

थंडीत इथे ‘चोपिंग’ असते. जंगलातल्या आणि बाजारातल्या औषधी मोठ्या कढईत तासन्‌तास उकळून दाट लेप तयार करतात आणि सोसेल इतक्या उष्णतेवर हत्तीच्या पायांना शेकत शेकत लावतात. त्याने भेगा भरतात, तळवे घट्ट होतात. त्या दिवसांत हत्तींना सुट्टी असते आणि पर्यटकांना प्रवेश बंद असतो. ही विद्या जुनी आहे. पालकाप्याच्या ‘हस्त्यायुर्वेदा’त हत्तीच्या रोगांवर आणि औषधांवर सविस्तर विवेचन आहे आणि तो ग्रंथ १८९४ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने छापून काढला. कमलापूरच्या चाराकटराने तो वाचलेला नसेल, पण हत्तीचे आरोग्य पायापासून सुरू होते, हे त्याला वडिलांकडून मिळालेले ज्ञान आहे.

कॅम्प निर्दोष नाही. तिथे पिल्ले दगावली आहेत, पशुवैद्याची उणीव वारंवार मांडली गेली आहे. २०२२ मध्ये राज्यातले सरकारी हत्ती जामनगरला पाठवायचे ठरले तेव्हा कमलापूरचे गावकरी आडवे आले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले आणि इथले हत्ती इथेच राहिले. महादेवीसाठी जे योग्य तेच कमलापूरच्या हत्तींसाठी योग्य ठरेल असे नाही. एकीकडे कळपाविना फरशीवर उभी असलेली हत्तीण होती. दुसरीकडे रान, पाणी आणि सोबत तिन्ही आहेत. हत्ती कुणाचा, हा वाद दोन्हीकडे सारखाच तापला. हत्तीला काय हवे, हे विचारले की उत्तरे वेगळी येतात.

दरम्यान रानहत्तींनी स्वतःच महाराष्ट्राची वाट धरली आहे. २००२ मध्ये ते कर्नाटकातून दोडामार्गात उतरले, २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत आला. माड, केळी आणि भात गमावलेल्या शेतकऱ्याला हा पाहुणा परवडत नाही आणि त्याची तक्रार रास्त आहे. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली, हत्तींच्या वाटा मोकळ्या राहिल्या, तरच हे सहजीवन जमेल. रानाची जबाबदारी टाळून हत्ती मिळत नाही, हा कौटिल्याचा हिशेब इथे पुन्हा समोर येतो.

नांदणीचे केंद्र उभे राहिले तर ते पश्चिम महाराष्ट्रातले अशा प्रकारचे पहिले ठिकाण असेल आणि सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी लोटेल. म्हणून आराखड्यात काही गोष्टी आधीच ठरायला हव्यात. मातीचे विस्तीर्ण आवार आणि डुंबायला तळे किती मोठे असेल? महादेवीला सोबत कुणाची मिळेल? साखळी केव्हा आणि कुणाच्या सांगण्यावरून घालायची? भाविकांनी किती अंतरावर थांबायचे आणि तिने झाडीआड राहायचे ठरवले तर दर्शन न घेता परतायची त्यांची तयारी आहे का? या प्रश्नांची उत्तरे मठ, शासन आणि गाव यांनी मिळून लिहून ठेवली, तर मिरवणुकीत रडलेल्या माणसांच्या मायेला हत्तिणीच्या उपयोगाचे रूप येईल. ती माया नांदणीत भरपूर आहे. तिला आता फक्त नियमांची जोड हवी.