‘दुष्काळ’ आणि ‘टंचाई’ : एका संज्ञांतराचा इतिहास

आपत्तिनिवारणाच्या शासकीय परिभाषेत एखादी संज्ञा योजिली की तिच्याबरोबर शासनाचे कर्तव्यही निश्चित होते. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आढळते.

‘दुर्भिक्ष’ म्हणजे जेथे भिक्षाही मिळणे कठीण, ती अवस्था. ‘दुष्काळ’ हा शब्द काळालाच दोष देतो. ‘टंचाई’ मात्र परिमाणवाचक आहे; तिच्यात उणिवेचा बोध होतो, उपासमारीचा होत नाही.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला व १८८३ मध्ये दुष्काळ-संहितेचा मसुदा सिद्ध झाला. येथून ‘दुष्काळ’ ही प्रशासनाची संज्ञा झाली. पिकाचे माप आणेवारीने, म्हणजे सोळा आणे हे पूर्ण पीक मानून, होत असे. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर पुढे तिलाच ‘पैसेवारी’ हे नाव मिळाले.

१९६३ मध्ये राज्याने स्वतंत्र अधिनियम करून येथे लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ ही संज्ञाच वगळली व तिच्या जागी ‘टंचाई’ योजिली. शासन वेळीच साहाय्य देत असल्याने दुष्काळाची स्थिती उद्भवणार नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

परंतु १९७२ मध्ये पावसाने दगा दिला, तेव्हा लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर आली. कायद्याच्या भाषेत ती टंचाई होती. लोकांच्या तोंडी मात्र ‘बहात्तरचा दुष्काळ’ हेच नाव रूढ झाले व ते आजही टिकून आहे. संज्ञा बदलताना तिच्याशी कोणाचा हक्क निगडित आहे, हे परिभाषाकारांनी प्रथम पाहावे, एवढेच यावरून सुचवावेसे वाटते.