'शुगर'ची वाट : शर्करेपासून बालाघाटापर्यंत

बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'शुगर' हा इंग्रजी शब्द आज इतका रुळला आहे की तो परका असल्याची आठवणही कोणास होत नाही. चहात पडते ती साखर, कारखान्याच्या पोत्यात भरली जाते तीही साखर; 'शुगर' हे मात्र तेथे व्याधीचे नाव झाले असून 'मामांना शुगर निघाली' एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास सारे उमगते. ज्या व्याधीस आपल्या प्राचीन वैद्यांनी मधुमेह म्हटले, तिच्यासाठी लोकांनी दवाखान्याच्या मार्गाने आलेला शब्द पत्करावा, आणि तो शब्द मूळचा आपल्याच 'शर्करे'चा वंशज असावा, हा भाषेच्या इतिहासातील एक विलक्षण योग होय.

शर्करा म्हणजे मुळात खडा, रेती. मुतखड्याच्या विकारात पडणाऱ्या बारीक कणांसही आयुर्वेदात शर्करा असेच नाव आहे. उसाचा रस आटवून, त्यातील काकवी निथळू देऊन जो खरखरीत दाणा हाती येई, त्याच्या रूपावरून त्यास हे नाव पडले. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा असा जो क्रम आढळतो, त्यावरून रसाच्या अवस्थांचे किती सूक्ष्म ज्ञान त्या काळी होते हे दिसून येते. हाच शब्द प्राकृतातून मराठीत साखर झाला, इराणात शकर, अरबांकडे सुक्कर, इटलीत झुक्केरो, फ्रान्सात सुक्र, आणि तेथून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांच्या मुखी जाऊन 'शुगर' झाला. खंडाचे फारसीत कंद आणि इंग्रजीत 'कँडी' झाले. गुळाला इंग्रज जे 'जॅगरी' म्हणतात तेही दक्षिण भारतात रूढ असलेले शर्करेचेच रूप पोर्तुगीजांनी उचलून नेलेले होय.

परंतु शब्दाबरोबर ऊसही गेला, आणि उसाबरोबर त्याचा एक कठोर धर्मही गेला. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तो वाळू लागला की त्यातील साखर घटते, म्हणून तोडणी, वाहतूक व गाळप एकमेकांस जखडलेली असावी लागतात आणि त्यासाठी ठरल्या काळात, ठरल्या जागी, सोडून न जाणारी माणसे पुष्कळ संख्येने हवी असतात. अरबांनी ऊस मिसर, सिसिली व स्पेनपर्यंत नेला, कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत तो अटलांटिकपार पोहोचवला, आणि पुढे कॅरिबियन बेटांवर त्याच्यासाठी आफ्रिकेतील लक्षावधी माणसे गुलाम करून आणली गेली. 1833 च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी उठली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे दृष्टी वळवली. 1834 पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. त्या मजुरांच्या बोलीत 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' झाले.

बीडमध्ये करारास असा कागदी शब्द मिळाला नाही. तेथील ऊसतोड मजूर त्यास 'उचल' म्हणतात, म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम. हा मुलूख उत्तरेस गोदावरी आणि मधोमध बालाघाटाचे डोंगर असा पसरलेला, बराचसा अवर्षणप्रवण. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तो निजामाच्या अमलाखाली होता, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच सुमारास, 1950 पासून, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना चालू झाला होता, आणि त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांना तोडणीची माणसे पुरवली ती आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर येथील कोरडवाहू गावांनी. 1972 च्या दुष्काळानंतर तर हा ओघ फारच वाढला. पुढे जिल्ह्यातही अंबाजोगाईची 'अंबासाखर', तेलगावचा व परळीजवळ पांगरीचा वैद्यनाथ असे कारखाने झाले; तरी दसऱ्यानंतर ट्रक-ट्रॅक्टरांतून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे जाणारी कुटुंबे थांबली नाहीत.

या लोकांची परिभाषा मला कोणत्याही दफ्तराइतकी मोलाची वाटते. 'कारखाना' हा शब्द फारसी. शिवकाळात अठरा कारखाने व बारा महाल अशी राज्यव्यवस्थेची विभागणी होती. बालाघाटावर मात्र 'कारखान्याला गेले' याचा एकच अर्थ : ऊसतोडीला गेले. 'मुकादम' हा अरबी 'मुकद्दम'. जुन्या कागदपत्रांत मोकदम म्हणजे गावचा पाटील, वतनाचा धनी. आज तोच शब्द टोळी जमवणाऱ्या आणि उचल वाटणाऱ्या मध्यस्थास लागला आहे. गावाचा पुढारी माणसांच्या पुरवठ्याचा पुढारी झाला. आणि 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे; नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते. एका हत्याराच्या नावात दोन देह मोजण्याची ही रीत ज्या हिशेबाने रूढ केली, त्या हिशेबात स्त्रीचे श्रम वेगळे दिसतच नाहीत. ती पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोईवर वाहते, रात्री ट्रक आला की भरायला उठते, आणि तिची मजुरी तिच्या नावावर नसते. एक दिवस अंथरुणात राहावे लागले तर 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड जोडीवर बसतो. पाळीच्या दिवसांतही पडणाऱ्या या खाड्याच्या धाकाने तरुण वयात गर्भाशय काढून घेणाऱ्या बीडच्या स्त्रियांची वार्ता 2019 साली देशभर गेली, आणि शासनास नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. जो शब्द रेतीच्या कणापासून निघून साऱ्या जगाच्या जिभेवर गोड झाला, त्याच्या इतिहासात या स्त्रियांची नोंद कोशकारांनी व इतिहासकारांनी करावी, असे मला मनापासून वाटते.

गाळप संपले की 'पट्टा पडला' म्हणतात. मग टोळ्या पाडव्याच्या आगेमागे गावी परततात आणि मुकादमाच्या वहीवर हिशेब होतो. उचल फिटली तर ठीक, नाहीतर उरलेली बाकी पुढच्या दसऱ्याच्या उचलीत धरली जाते.