घरगुती चित्रपटगृह

निवासस्थानातील स्वतंत्र दालनात चित्रपट पाहण्यासाठी केलेल्या कायम स्वरूपाच्या व्यवस्थेस घरगुती चित्रपटगृह म्हणतात. त्याच्या सजावटीसाठी पुष्कळदा १९३०–५० या काळातील भव्य चित्रपटगृहांचा नमुना घेतला जातो. त्या वास्तूंत मात्र शोभा आणि उपयुक्तता एकजीव झालेल्या होत्या.

भारतातील पहिला चित्रपट-खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. प्रारंभीचे खेळ तंबूंत व नाट्यगृहांत होत. पुण्यात बापूसाहेब पाठक यांनी १९१५ मध्ये मंडईजवळ आर्यन हे चित्रपटगृह काढले. आलम आरा (१९३१) या बोलपटानंतर घुमणारी सभागृहे गैरसोयीची ठरू लागली व रचनेत ध्वनिकीला महत्त्व आले. मुंबईतील रीगल (१९३३), ईरॉस (१९३८), मेट्रो (१९३८) व लिबर्टी (१९४९) ही या काळातील आर्ट डेको शैलीची प्रमुख उदाहरणे होत. लिबर्टीची अंतर्गत सजावट वा. मो. नामजोशी यांची असून जयपूरचे राजमंदिर (१९७६) हेही त्यांनीच रचले.

या सजावटीमागे निश्चित प्रयोजन असे. छताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडांआड दिवे लपविल्याने प्रकाश डोळ्यांवर न येता हळूहळू मंद करता येई. गिलाव्यातील खाचा व उठाव ध्वनी विखुरत. जाड पडदे व गादीच्या खुर्च्या तो शोषून घेत. रस्ता आणि प्रेक्षागृह यांमधील दालनात बाहेरचा गोंगाट अडे आणि डोळे अंधाराला सरावत.

घरात या रूपांची नुसती लहान प्रतिकृती पुरत नाही. निनादकाल दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात व ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे लहान खोलीत निनाद मुळातच अल्प असतो. सर्व भिंती पडद्यांनी झाकल्यास आवाज निर्जीव वाटतो. उलट, खालच्या पट्टीतील ध्वनीचे स्थिर तरंग निर्माण होतात. ६ मी. लांबीच्या खोलीत त्यांची किमान कंप्रता सेकंदास सु. २९ इतकी येते. हेच ध्वनी भिंती व तक्तपोशीतून शेजाऱ्यांकडेही पोहोचतात. म्हणून पुण्यातील खराडीसारख्या बहुमजली वसाहतींच्या भागात मूळ भिंतींपासून अलग अशी आतली भिंत, रबरी आधारांवरील जमीन व दुहेरी दारे यांवरील खर्च झुंबरे व सोनेरी नक्षी यांच्या आधी करणे श्रेयस्कर ठरते.

मूळ वास्तूंपैकी आर्यन १९८३ मध्ये पाडण्यात आले. मेट्रोचे रूपांतर २००६ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहात झाले. ईरॉसचा समावेश असलेला मुंबईतील वास्तुसमूह २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला. ते २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले, परंतु त्याचे प्रेक्षागृह बदलले. अशा स्थितीत घरगुती प्रतिकृतींमुळे जुन्या शैलीची काही रूपे टिकतात. तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुले असलेले वैभव हे त्या शैलीचे सामाजिक वैशिष्ट्य मात्र खाजगी दालनात उतरू शकत नाही. त्यासाठी मूळ वास्तूंचेच जतन आवश्यक ठरते.