युद्ध जिंकूनही चर्चिल निवडणूक का हरले? उत्क्रांती आणि 'मीम' काय सांगतात?

मे १९४५. जर्मनी शरण आला, तेव्हा गॅलपच्या पाहणीत ८३ टक्के ब्रिटिश लोक पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या कामावर समाधानी होते. जुलैमध्ये निवडणुकीचा निकाल लागला आणि मजूर पक्षाने ६४० पैकी ३९३ जागा जिंकल्या. चर्चिल यांचं पंतप्रधानपद गेलं. असं का झालं?

युद्धात लोक नेत्यामागे का उभे राहतात?

उत्क्रांती मानसशास्त्रानुसार, माणूस हजारो पिढ्या छोट्या टोळ्यांत राहिला. हल्ला झाल्यावर भांडणं बाजूला ठेवून एकामागे उभी राहणारी टोळी तगण्याची शक्यता जास्त होती. तीच सवय आजही टिकून आहे, असं हे अभ्यासक मानतात. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांची पसंती ५१ वरून थेट ९० टक्क्यांवर गेली होती.

पण परिस्थिती बदलली की पसंतीही बदलते. मार्क व्हॅन व्हग्ट आणि ब्रायन स्पिसाक यांच्या प्रयोगांत लोकांनी युद्धासाठी जास्त पुरुषी, तर शांततेसाठी जास्त बायकी वाटणारे चेहरे नेता म्हणून निवडले.

'मीम'चा इथे काय संबंध?

मीम म्हणजे फक्त व्हॉट्सॲपवरचा विनोद नाही. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६मध्ये हा शब्द आणला तो एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत जाणाऱ्या कल्पनेसाठी. जानेवारी १९४१मध्ये बीबीसीवरून व्हिक्टर द लाव्हले यांनी बेल्जियमच्या लोकांना 'व्ही' अक्षर वापरायचं आवाहन केलं. फ्रेंचमध्ये ते विजयाचं आद्याक्षर, डचमध्ये स्वातंत्र्याचं. खडूच्या दोन रेघांत काढता येणारं हे चिन्ह व्यापलेल्या युरोपभर भिंतींवर उमटलं. चर्चिल यांनी दोन बोटं उंचावून ते आपलंसं केलं. जर्मनांनीही आयफेल टॉवरवर मोठा 'व्ही' लावून ते पळवायचा प्रयत्न केला. नक्कल करायला सोपं चिन्ह कुणा एकाच्या मालकीचं राहत नाही, ते असं.

मग सगळं उत्तर मिळालं का?

नाही. टोळ्यांच्या काळाबद्दलचे दावे तपासणं अवघड असतं आणि मीम हा जनुकासारखा मोजता येत नाही. शिवाय ब्रिटिश मतदारांकडे साधी कारणं होती : घरं, नोकऱ्या आणि १९४२च्या बेव्हरिज अहवालातली सामाजिक सुरक्षा. ते देण्याची खात्री त्यांना मजूर पक्षाबद्दल जास्त वाटली.

युद्धात मिळालेल्या टाळ्या म्हणजे पुढची मतं नव्हेत, हेच १९४५ने दाखवलं. सहा वर्षांनी त्याच मतदारांनी चर्चिल यांच्या पक्षाला पुन्हा सत्तेत आणलं.