कोलारची सुवर्णखाण : खडकाचा इतिहास आणि माणसांचा इतिहास

सुवर्णखाणींचा इतिहास लिहिताना सामान्यतः तीन प्रश्न विचारले जातात. सोने कोणी शोधले, कोणत्या कंपनीने काढले आणि किती निघाले? कर्नाटकातील कोलारच्या खाणीविषयी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत सहज सापडतात. ते सोने कोणाच्या हातांनी वर आले, हा चौथा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधू लागलो की खाणीचा इतिहास आधुनिक भारतातील धम्मचळवळीच्या इतिहासाला येऊन मिळतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम तेथील खडकाची घडण, त्यानंतर खाणीचा विकास आणि शेवटी तेथील श्रमिकांनी उभे केलेले वैचारिक जीवन, या क्रमाने विषय मांडणार आहोत.

खडकाची घडण

अजिंठा आणि कार्ल्याची लेणी ज्या काळ्या खडकात कोरली आहेत, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कोलारचा खडक त्याच्या सुमारे चाळीसपट जुना, म्हणजे अंदाजे 270 कोटी वर्षांचा आहे. बंगळुरूच्या पूर्वेस सुमारे 100 किलोमीटरवर या प्राचीन खडकाचा एक अरुंद पट्टा दक्षिणोत्तर पसरला आहे. त्याची लांबी सुमारे 80 किलोमीटर असून रुंदी अवघी काही किलोमीटर आहे. मुळात हा समुद्रतळावर वाहिलेला लाव्हा होता. पुढे उष्णता व दाब यांमुळे त्याचे रूपांतर झाले आणि तो शिस्ट या पापुद्रेदार, गर्द रंगाच्या खडकात बदलला. दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटसदृश खडकांनी त्याला चिमटीत धरल्यासारखे दाबले आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. भूगर्भातून वर चढणाऱ्या उष्ण द्रवांत सिलिका आणि अत्यल्प प्रमाणात सोने विरघळलेले होते. हे द्रव भेगांत शिरले, त्यांचा दाब व तापमान उतरले, भोवतीच्या लोहयुक्त खडकाशी त्यांची रासायनिक क्रिया झाली, आणि गारगोटीच्या शिरांमध्ये सोने साकळले.

या शिरांपैकी सर्वांत समृद्ध शिरेला इंग्रज अभियंत्यांनी ‘चॅम्पियन’ हे नाव दिले. तिची जाडी सरासरी मीटरभरच होती, परंतु ती जवळजवळ उभी होती आणि खोल, फार खोल गेलेली होती. खाणीचे पुढील सारे भवितव्य या एका भूशास्त्रीय वस्तुस्थितीने ठरविले. सोने रुंद पसरलेले असते तर जमीन उकरून ते काढता आले असते. येथे मात्र अरुंद शिरेचा माग काढीत माणसाला पाताळापर्यंत उतरावे लागणार होते.

पांसुधोवकापासून कंपनीपर्यंत

माती धुऊन सोने काढण्याची कला भारतात प्राचीन आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवान बुद्धांनी चित्तशुद्धीसाठी जो दृष्टान्त दिला आहे, तो ‘पांसुधोवक’ म्हणजे माती धुणाऱ्या कारागिराचा आहे. तो आधी जाड खडे, मग बारीक खडे व भरड रेती, मग सूक्ष्म रेती आणि काळी धूळ काढून टाकतो, आणि शेवटी सुवर्णकण उरतात. असा दृष्टान्त श्रोत्यांना उमगावा, इतकी ही कला तत्कालीन समाजाला परिचित होती.

दक्षिणेतील सोन्याचा संबंध सम्राट अशोकाच्या इतिहासाशीही येतो. ब्रह्मगिरीच्या शिलालेखात ‘सुवर्णगिरी’ या राजकीय केंद्राचा उल्लेख आहे. हट्टीच्या सुवर्णक्षेत्राजवळील मस्की येथे 1915 साली बीडन या खाण-अभियंत्यास अशोकाचा लेख सापडला. त्यात राजाचे ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष कोरलेले असल्याने ‘देवानांप्रिय’ राजा कोण, हा विद्वानांचा प्रश्न निर्णायकपणे सुटला. सोने शोधणाऱ्या माणसाच्या हाती धम्माचा लेख लागावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कोलारच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ 1802 साली लेफ्टनंट जॉन वॉरन यांच्यापासून मानला जातो. म्हैसूर राज्याच्या पूर्व सीमेची मोजणी करीत असता या भागातील मातीत सोने सापडते, असे त्यांच्या कानी आले. त्यांनी बक्षीस जाहीर केले, तेव्हा ऊरगाम परिसरातील गावकरी माती घेऊन आले आणि ती धुऊन सोन्याचे कण दाखविले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे अगत्याचे आहे. ज्याला वॉरन यांचा ‘शोध’ म्हटले जाते, ते ज्ञान वस्तुतः गावकऱ्यांचे होते. वॉरन यांनी ते कागदावर उतरविले आणि श्रेय कागदाला मिळाले.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल हे निवृत्त आयरिश सैनिक या मागावर आले. 1875 साली म्हैसूर सरकारकडून त्यांना खाणकामाचा परवाना मिळाला, परंतु भांडवलाअभावी त्यांना तो इतरांच्या हाती सोपवावा लागला. 1880 साली लंडनच्या ‘जॉन टेलर अँड सन्स’ या पेढीने कारभार हाती घेतला. प्रारंभी निराशाच पदरी आली, कारण वरच्या थरातील सोने प्राचीन खाणकऱ्यांनी आधीच काढून नेले होते. त्यांच्या जुन्या विवरांच्या खाली खोदकाम नेल्यावर मात्र चॅम्पियन शिर हाती लागली. मैसूर, चॅम्पियन रीफ, ऊरगाम आणि नंदीदुर्ग या कंपन्यांच्या खाणी लागोपाठ उभ्या राहिल्या. रेल्वे आली. 1902 साली कावेरीवरील शिवनसमुद्र प्रपातापासून जवळजवळ 150 किलोमीटर तारा टाकून वीज आणण्यात आली. त्या काळी जगातील अतिदूर वीजवहनाच्या योजनांत तिची गणना होत असे.

खोली आणि तिची किंमत

सुरुवातीच्या काळात एक टन खडकातून 40 ग्रॅमहून अधिक, म्हणजे साडेतीन-चार तोळे सोने मिळत असे. अखेरच्या काळात हे प्रमाण 3 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव तोळ्यावर आले. तेवढ्याच सोन्यासाठी दहा-बारा पट खडक फोडावा लागू लागला, आणि तोही अधिकाधिक खोलवरून. चॅम्पियन रीफची खाण 3 किलोमीटरहून अधिक खोल गेली. तेथे मूळ खडकाचे तापमान 60 अंश सेल्सिअसहून अधिक होते. वरच्या खडकाचा प्रचंड भार सोसणाऱ्या भिंतींतून शिरेचा खडक काढला की उरलेला खडक कधी कधी क्षणार्धात फुटत असे. हे स्फोट इतके मोठे असत की भूपृष्ठावर भूकंपासारखे धक्के जाणवत. त्याला आवर घालण्यासाठी ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या भिंती भूगर्भात बांधल्या गेल्या.

परंतु स्फोटापेक्षाही मूक असा एक शत्रू होता. ज्या गारगोटीत सोने होते, तिच्याच धुळीतून सिलिका श्वासावाटे फुप्फुसात जात असे. 1940च्या दशकात येथील सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा दर शंभरामागे चाळीसहून अधिक जणांना सिलिकोसिस जडल्याचे आढळले. एकाच खडकातून सोने लंडनच्या भागधारकांकडे गेले आणि धूळ कामगाराच्या छातीत राहिली.

हे कामगार कोण होते? पर्यवेक्षक युरोपीय होते, त्यांपैकी अनेक इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील. भूगर्भात उतरणाऱ्यांत मोठा भरणा होता तो उत्तर अर्काट, चित्तूर, सेलम या भागांतून आलेल्या तमिळ अस्पृश्यांचा, विशेषतः परैयर समाजाचा. गावात जमीन नाही, पाणवठा नाही, वेठ मात्र पिढीजात, अशा स्थितीतून ते आले. खाणीने त्यांना बंगल्यांपासून दूर झोपड्या दिल्या, सोन्याच्या चोरीच्या संशयावरून अंगझडती दिली, आणि त्याचबरोबर रोख मजुरीही दिली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आम्हास कमी लेखता येत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयी जे परखड मत मांडले, त्याची सत्यता कोलारला आलेल्या माणसाने आधीच अनुभवली होती. मजुरी अपुरी होती, तरी ती जमीनदाराच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. 1930 साली नोंदणीसाठी बोटांचे ठसे सक्तीचे करण्यात आले, तेव्हा याच कामगारांनी संप पुकारून त्या अपमानास विरोध केला.

खाणीतील धम्म

पंडित अयोत्तीदास (1845–1914) यांनी 1898 साली श्रीलंकेस जाऊन पंचशील ग्रहण केले आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. 1907 साली त्यांनी ‘ओरु पैसा तमिळन’ हे साप्ताहिक सुरू केले. नावाप्रमाणेच त्याची किंमत एक पैसा होती. परैयर हे मूळचे बौद्ध असून धम्म न सोडल्यामुळेच त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयी बाबासाहेबांचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. दोघांच्या पुराव्यांची मांडणी वेगवेगळी आहे, परंतु अस्पृश्यतेचे मूळ बौद्ध-ब्राह्मणी संघर्षात शोधण्याची दिशा एकच आहे.

या चळवळीला भक्कम आधार मिळाला तो कोलारच्या खाणवस्तीत. मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ येथे संघाच्या शाखा निघाल्या. बौद्ध पद्धतीने विवाह व अंत्यविधी होऊ लागले. पाळी संपवून वर आलेला कामगार व्याख्यानाला बसू लागला. अयोत्तीदासांच्या निधनानंतर बंद पडलेले ‘तमिळन’ 1926 साली पुन्हा सुरू झाले, ते याच खाणगावातून, पंडित अप्पादुरै यांच्या संपादनाखाली. ‘सिद्धार्थ’ नावाच्या येथील प्रकाशनगृहाने अयोत्तीदासांचे लेखन ग्रंथरूपात जपले. याच दक्षिणी बौद्ध चळवळीतील प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचा ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ 1907 साली प्रकाशित झाला होता. 1948 साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. दक्षिणेचा हा प्रवाह आणि नागपूरची दीक्षाभूमी यांमधील दुवा त्या प्रस्तावनेत प्रत्यक्ष दिसतो.

1956च्या धम्मक्रांतीची थोरवी याने तिळमात्र उणी होत नाही. लक्षावधींना धम्माच्या मार्गावर आणण्याचे कार्य बाबासाहेबांचेच. परंतु तत्पूर्वी अर्धे शतक, तीन किलोमीटर खोलीकडे उतरत चाललेल्या खाणीच्या तोंडाशी, अस्पृश्य श्रमिकांनी आपल्या पैशांतून धम्माचे वृत्तपत्र चालविले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांत ठळक अक्षरांनी यावयास हवी.

उपसंहार

1956 साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, 1962 साली त्या केंद्राकडे गेल्या आणि 1972 साली ‘भारत गोल्ड माइन्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह 1965 साली याच खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, वातावरणातील न्यूट्रिनो कणांचा छडा लावला. तेथवर जाणारा प्रत्येक फूट याच कामगारांनी खोदलेला होता. 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाण बंद झाली. सुमारे 120 वर्षांत तिने अंदाजे 800 टन सोने दिले. मागे राहिल्या त्या सायनाईडने सोने काढून घेतल्यानंतरच्या चूर्णाच्या टेकड्या, पाण्याने भरलेली विवरे, आणि कामासाठी रोज पहाटे रेल्वेने बंगळुरू गाठणारी माणसे.

सोन्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवला गेला. माणसांचा हिशेब ठेवण्याचे काम आपल्यावर आले आहे. ‘तमिळन’चे अंक, तेथील संघाची कागदपत्रे, वृद्ध कामगारांच्या आठवणी या साऱ्यांचे संकलन आणि मराठी अनुवाद व्हावा, असे आम्ही अभ्यासकांना आणि संस्थांना आग्रहाने सुचवितो. पांसुधोवकाच्या चिकाटीने हे काम करावे लागेल. कंपन्यांच्या अहवालांची जाड माती आधी धुवावी, श्रेय लाटणाऱ्या कथांची रेती मग वेगळी करावी, आणि जे कण हाती उरतील ते पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावेत.