रिकाम्या भांड्यातली वीज

१७५५ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी चांदीचं एक भांडं विजेने भारलं आणि रेशमी दोऱ्याला बांधलेला बुचाचा गोळा त्यात सोडला. भांड्याच्या बाहेरच्या अंगाकडे झेपावणारा गोळा आत मात्र कुठेच ओढला गेला नाही. तळाला टेकवून वर काढला, तरी त्याच्यावर प्रभाराचा मागमूस नव्हता. असं का होतं, हे आपल्याला माहीत नसल्याचं त्यांनी एका स्नेह्याला पत्रातून सरळ कळवलं.

फ्रँकलिन यांच्याकडून हे कोडं जोसेफ प्रीस्टली यांच्याकडे गेलं. १७६६च्या डिसेंबरात त्यांनी प्रयोग करून पाहिला आणि त्यांना न्यूटन आठवले. पोकळ गोलाच्या आतल्या वस्तूला त्या कवचाचं गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, हे न्यूटन यांनी गणिताने दाखवलं होतं. कवचाचा जवळचा तुकडा जोराने ओढतो, पण तो लहान असतो. समोरचा तुकडा दूर असतो, पण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मोठा. बल अंतराच्या वर्गानुसार घटत असेल, तरच या दोन ओढींची फिटंफाट होते. विजेचं बलही याच नियमाने घटत असावं, असं प्रीस्टली यांनी १७६७ साली विजेच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात लिहिलं.

तर्क सुंदर होता. तो मोजून पाहिला हेन्री कॅव्हेंडिश यांनी.

१७७२-७३च्या सुमारास त्यांनी १२.१ इंच व्यासाचा एक गोल घेतला आणि त्याच्याभोवती दोन अर्धगोल बसवले. दोन्हींवर कथलाचा पातळ पत्रा चढवलेला होता. आतला गोल आणि बाहेरचं कवच तारेने जोडून त्यांनी कवचाला प्रभार दिला. मग रेशमी दोरीने तार ओढून काढली, अर्धगोल बाजूला केले आणि आतल्या गोलाजवळ भेंडाच्या दोन गोळ्या नेल्या. थोडासाही प्रभार आत शिरला असता, तर त्या एकमेकींपासून फाकल्या असत्या. त्या हलल्या नाहीत. आपलं उपकरण किती बारीक प्रभार ओळखू शकतं, हे तपासून त्यांनी हिशेब मांडला: नियमातला घातांक २ पासून फार तर १/५० इतकाच ढळू शकतो. कूलोम यांनी १७८५ साली पिळाच्या तराजूने हाच नियम प्रत्यक्ष बल मोजून जगापुढे ठेवला. कॅव्हेंडिश यांचा निष्कर्ष मात्र त्यांच्या कागदपत्रांतच पडून राहिला. मॅक्सवेल यांनी ते कागद १८७९ साली प्रसिद्ध केले. केंब्रिजमध्ये हाच प्रयोग सुधारून करवून घेतल्यावर १/५० ची मर्यादा १/२१६०० वर आली. बल मोजताना उपकरणाची प्रत्येक चूक उत्तरात उतरते; शून्य तपासताना फक्त काही सापडतं का, एवढंच पाहावं लागतं. या पद्धतीची सारी ताकद त्यात आहे.

मधल्या काळात मायकेल फॅरडे स्वतःच भांड्यात शिरले. जानेवारी १८३६मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी १२ फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारला, तो तांब्याच्या तारा, कागद आणि धातूच्या पातळ पत्र्याने मढवला आणि जमिनीपासून विद्युतरोधी केला. बाहेरून ठिणग्या उडत असताना फॅरडे आत पेटत्या मेणबत्त्या आणि संवेदनशील विद्युतदर्शक घेऊन तपासणी करत होते. कशावरही काही परिणाम झाला नाही.

त्या खोलीत विद्युतक्षेत्र शून्य होतं, विभव मात्र शून्य नव्हतं. भिंतींचं विभव चढलं, तसंच आतल्या हवेचं, मेणबत्तीचं आणि फॅरडे यांचंही चढलं. धक्का बसतो तो दोन ठिकाणच्या विभवांतल्या फरकामुळे. आत सगळीकडे एकच विभव असल्यामुळे फरकच उरला नव्हता. हे गणित मांडायला लागणाऱ्या या राशीला, म्हणजे विभवाला, ‘पोटॅन्शियल’ हे नाव नॉटिंगहॅमचे पिठाच्या गिरणीवाले जॉर्ज ग्रीन यांनी आपल्या १८२८च्या निबंधात दिलं होतं.

पुढच्या शतकात या शून्यावर यंत्रं उभी राहिली. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी सरकत्या पट्ट्याने प्रभार पोकळ गोलाच्या आत नेला. गोलाचं विभव कितीही वाढलेलं असो, आत सोडलेला प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावरच जातो; त्यामुळे भरणा थांबत नाही. त्याला मर्यादा घालतात ती हवा आणि रोधक. मॅसॅच्युसेट्समधल्या राउंड हिल इथे १९३३ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या यंत्राचे अॅल्युमिनियमचे गोल १५ फूट व्यासाचे होते, आणि निरीक्षकांना बसायची प्रयोगशाळा या गोलांच्या पोटातच होती.

कॅव्हेंडिश यांचा प्रयोगही पुढे जात राहिला. १९३६ साली प्लिम्प्टन आणि लॉटन यांनी मोजणीचं उपकरणच बंद गोलात ठेवलं. ते पाहायला लागणाऱ्या खिडकीतून क्षेत्र आत येऊ नये, म्हणून तिच्यावर मिठाचं पाणी ठेवून वाहक आवरण अखंड केलं. घातांकातली शंका एक अब्जांशाच्या आसपास आली. १९७१ साली विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी एकात एक पाच बंद कवचं रचून ती दशांश चिन्हानंतरच्या सोळाव्या स्थानापर्यंत ढकलली.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात असलेला पेलेट्रॉन त्वरक व्हॅन डी ग्राफ यंत्राच्याच कुळातला. तिथे पट्ट्याऐवजी धातूच्या गोळ्यांची साखळी प्रभार वाहून नेते. ऋण आयन सुमारे १.४ कोटी व्होल्टपर्यंत जाऊ शकणाऱ्या पोकळ टर्मिनलकडे खेचले जातात, तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि धन झालेले तेच आयन पुढे ढकलले जातात. एकाच विभवाचा लाभ त्यांना दोनदा मिळतो, आणि ती ऊर्जा घेऊन ते अणुकेंद्रांच्या अभ्यासासाठी लक्ष्यावर जाऊन आदळतात.